ह-ला काना, वर एक मात्रा

—झालं. म्हणालात ना? आता नाही हलायची घोडी. दावं ओढून उपयोग नाही, फाटकाच्या अगदी मधोमध उभी राहिलीय बघा, पुढचे पाय तुमच्याकडं, मागचे माझ्याकडं. मी मघाशी सांगायला गेलो, तर तुमचं आपलं घाई आहे, घाई आहे. दावं नीट धरलंय का विचारलं, आणि तुम्ही तो शब्द काढलात. कुठला म्हणजे? 'नाही'च्या उलटा असतो तो. ह-ला काना, वर एक मात्रा — आता परत म्हणू नका, मान हलवा नुसती. हां. 'हां' चालतं. 'होय' चालतं, 'बरं' चालतं, होता-होती सगळं चालतं. तो एकटा, मऊ, मान खाली घालून म्हटलेला शब्द तेवढा चालत नाही. बसा त्या बादलीवर. पालथीच असते ती, बसायची बादली आहे. पाचेक मिनिटांत घोडी आपण होऊन हलेल.

आज शांत दिसते हो — अरे देवा, मीच म्हणालो. असू दे, उभीच आहे. तर, आली तेव्हा बघायला हवी होती. दचकी नाव उगाच नाही पडलं. बादलीला भ्यायची, बादलीच्या सावलीला भ्यायची, दोरीवरची चादर हलली की तबेल्याची भिंत चढायला बघायची. अशा जनावराला काय करायचं, मारायचं? छे. बसायचं. मी या बादलीवर तिच्याकडं पाठ करून बसलो, अकरा दिवस. बघायचं नाही, हात लावायचा नाही. बाराव्या दिवशी तिनं माझी टोपी हुंगली. विसाव्या दिवशी खाल्ली. मी काही बोललो नाही, विश्वास असाच बसतो. मग मानेवर एक बोट, मग तळवा, मग खरारा — मग खोगीर नुसतं समोर ठेवायचं, हुंगू द्यायचं, उचलून परत न्यायचं. सगळं जमत आलं होतं. अडचण एकच, ती वरची खिडकी.

आमच्या स्वयंपाकघराची आहे ती. तिथून आमच्या हिची हाक आली, 'अहो', की दचकी चारी पाय उचलून उडायची. मीही आतून तसाच उडतो, पण मला सवय आहे. मी आपला मान खाली घालून तो शब्द म्हणायचो. दूध उतरवलंत का — तोच शब्द. छपराचा पत्रा आज ठोकणार ना — तोच. ऐकताय का मी काय म्हणतेय — दोनदा. दचकीच्या डोक्यात काय बसलं, की हाक आली की घाबरायचं, पण या माणसानं हा शब्द काढला की संकट टळतं. मग ती शब्दाला थांबायलाच लागली. चालत असो, पळत असो — पाय रोवून, डोळे अर्धे मिटून, खालचा ओठ लोंबता सोडून उभी. मी शिकवत होतो वेगळंच, आणि ती शिकली हे.

तुमच्याआधी दोघांनी नेऊन परत आणली. दातांचे डॉक्टर तिला पळवत निघाले, खिशातला फोन वाजला. फोन उचलून माणूस काय म्हणतो? तेच, आणि पुढं 'बोला'. घोडी पहिल्या शब्दाला थांबली, 'बोला' म्हणेपर्यंत डॉक्टर कुंपणात होते. मग घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाई. त्यांनी मुलांना विचारलं, समजलं का सगळ्यांना? वीस मुलं, एका सुरात. दुपारी चंदीचा दाणा समोर येईपर्यंत हलली नाही. आणि तुमचं तर कापडाचं दुकान, गिऱ्हाइकाला दिवसभर तेच म्हणायची सवय. मुलीसाठी नेताय म्हणा. केवढी आहे? नऊ? काही सांगितलं की काय म्हणते? 'नाही'? कायम? — मग काय, जमेल की. जमेलच. उत्तम जमेल.

नाही, डोळ्यांना काही नाही झालेलं, गवताची धूळ आहे. हिनंच सांगितलं, आज घोडी गेली पाहिजे. मी काय म्हणणार, जे नेहमी म्हणतो ते म्हणालो. तिचं म्हणणं, घोडीशी तासन्‌तास बोलता आणि माझ्या वाट्याला एक अक्षर. आता एक अक्षर आहे हे खरंच. पण मी दचकीशी बोलतो काय? हिच्याबद्दलच बोलतो. हिचा गुडघा दुखतो, बहिणीशी बिनसलंय, तो पत्रा वाजला की हिला झोप लागत नाही. तोंडावर बोलायचं म्हणजे — तोंडावर मीपण बुजराच. माझ्याकडं पाठ करून अकरा दिवस कोण बसणार?

हां, हलली बघा. धरा दावं, सावकाश — थांबा. हाक आली. ऐकलंत? 'अहो, गेली का ती?' बघा दचकीचे कान. माझ्याकडंच बघतेय, शब्दाची वाट बघतेय. आता तो म्हटला तर ही परत इथंच रुतणार. आणि दुसरा — दुसरा मी आमच्या हिला बावीस वर्षांत म्हटलेला नाही.

"नाही! गेली नाही, आणि जाणार पण नाही!"

मीच ओरडलो ना? वर भांडं पडलं. पण घोडी दचकली नाही, बघितलंत? सरळ आत वळली. दावं सोडा, नाहीतर तुम्हीही जाल आत. मुलीची माफी मागतो, खरंच मागतो, पण घोडी नाही मिळायची. खिडकी लागली. जिन्यावर पावलं — ही येतेय. तबेल्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं तिनं. ती बादली द्या तिला, गुडघा दुखतो तिचा. मी पाठ करून उभा राहतो. निघा तुम्ही.