तिसऱ्या रविवारी न वाचलेलं नाव

समारंभाचे अध्यक्ष, आमच्या देवळाचे मुख्य पाद्री व्हिकार महाराज, व्यासपीठावरचे मामलेदार गोपीनाथराव, ज्यांच्या मानासाठी टेंभी नाक्यापर्यंत पताका लागल्या आहेत ते महामहिम कार्डिनल आन्सेल्म, आणि ठाण्या-कळव्याहून कामं टाकून आलेल्या माझ्या ख्रिस्ती भावांनो, बहिणींनो,

व्हिकार महाराज मला म्हणाले, "जुझे, तुमच्या घरी कार्डिनलसाहेब जेवलेले आहेत. उद्या ते बोटीने परत जाणार. चार गोड शब्द बोल." जेवलेले आहेत हे खरं. गोड शब्दांचं बघू.

साहेब ठाण्यात आले तेव्हा तरणे पाद्री होते. येताना छपाईचे खिळे घेऊन आले. देवळामागच्या खोलीत यंत्र बसवलं आणि दर आठवड्याला मराठी पत्रिका काढू लागले. मराठी शिकले ते कळव्याला, मिठागराच्या कडेला, आमच्या आईच्या चुलीपाशी बसून. परदेशातला कोणता माणूस एवढं करतो? पुढे मुंबई, पुढे रोम. आज आपल्या धर्मसभेची सगळी वर्तमानपत्रं त्यांच्या नजरेखालून जातात, आणि यंदा डोक्यावर कार्डिनलची लाल टोपी चढली. त्याबद्दल अभिनंदन. रीत आहे म्हणून करतो.

कुजबुजू नका. अध्यक्ष महाराज, घंटीवरचा हात काढा, मी फार वेळ घेणार नाही.

आपल्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. गोपीनाथराव, तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगितलं. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात हे पाणी आणायला साहेबही आले होते. कळशी धाकटीच्या डोक्यावर होती. धाकटी म्हणजे आमची इनास. साहेब एकेक गोष्ट विचारत होते. हे गाणं कशाचं, विहिरीला दिवा का लावता, नारळ का ठेवता? इनास लाजायची. आई तिला म्हणाली, "अगं, इचारतोय तं सांग की. पाद्री आपलाच हाय."

इथेच आमचं चुकलं. माणूस प्रेमाने विचारतो आहे असं आम्हाला वाटलं. आपल्या घरात बसून जेवणारा माणूस दुसऱ्या कशासाठी विचारील, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

मग साहेबांची ती छापील पत्रिका आली. या गावच्या बायका वेदीपुढे येण्याआधी विहिरीची पूजा करतात, असं त्यात छापलं होतं. कळशी कोणी आणली, दिवा कोणी लावला, तर कळव्याच्या इनासने. नावासकट. त्या कळशीवर साहेबांनी स्वतः पवित्र पाणी शिंपडलं होतं, आशीर्वाद दिला होता. आम्ही सगळे तिथे उभे होतो. तेवढं मात्र छापायचं राहिलं.

तेव्हा इनासचं लग्न वसईच्या घरात ठरलेलं होतं. आपल्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात नावं वाचतात; तिचं आणि मुलाचं नाव दोन रविवार वाचून झालं होतं. पत्रिका वसईला पोचली, त्या घराने लग्न मोडलं आणि तिसऱ्या रविवारी नाव वाचलं गेलं नाही. मी त्या बाकावर बसलो होतो. साहेबांनी दुसऱ्यांची नावं वाचली, कागद घडी केला आणि प्रार्थना सुरू केली. आई मिस्सा संपेपर्यंत मान वर करू शकली नाही.

आईने त्यांच्याकडे जाऊन हात जोडले. "पाद्रीबाबा, तुमी सोताच पानी शिंपलं ना? मंग तेवढं देवळात सांगा." ते म्हणाले, बघू. पुढच्या महिन्यात त्यांची बदली मुंबईला झाली. तो लेख रोममध्ये चार भाषांत छापला गेला, लोकांना फार आवडला, आणि तिथून साहेब एकेक पायरी वर चढत गेले. मला त्याचा राग आहे. लपवत नाही. आई गेली तेव्हाही तो होता आणि आज या माळा बघून जास्तच आला.

इनासने लग्न केलं नाही. कोण करणार होतं तिच्याशी? अजून बायका पाण्याला निघाल्या की ती दार लावून घेते.

साहेब, तुम्हाला मराठी अजून येते. मघाशी तुम्ही "थोडं पाणी द्या" म्हणालात. पेला आणून दिला ती बाई इनास. तुम्ही तिला "देव तुझं भलं करो" म्हणालात आणि ओळखलं नाहीत. ती आता त्या खांबाशी उभी आहे. तिला तुमच्याकडून काही नको. "ती पूजा नव्हती, आणि पाण्याला आशीर्वाद मी दिला होता," एवढं तुम्ही तोंडाने सांगा. उद्या रोमला जाऊन छापू नका. आत्ता सांगा, इथे, ज्यांनी तेव्हा तिच्याबद्दल ते ऐकलं त्यांच्यापुढे.

हा हार मला तुमच्या गळ्यात घालायला दिलाय. तो टेबलावर ठेवतो. तुमचं बोलून झालं की घालीन.

मला बोलायला उभं केल्याबद्दल व्हिकार महाराजांचे आभार, आणि निमूट ऐकल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे. माझ्या बोलण्यात एक शब्द जरी खोटा निघाला, तर इथेच सांगा. मी याच जागेवरून, सगळ्यांसमोर, नाव घेऊन माफी मागीन. कशी मागायची असते ते साहेबांनाही कळेल.