राहणार बोरी अरब

जबाब, दि. १७/११/२०२५, वेळ सकाळी ११.२०

मी प्रेम भावसिंग आडे, वय २६ वर्षे, धंदा खाजगी नोकरी, राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. कोणी बोलावले नसताना आज स्वतः ठाण्यात हजर राहून जबाब देतो की,

मी यवतमाळ येथे मोबाईलची अ‍ॅप बनवणाऱ्या एका छोट्या कार्यालयात दोन वर्षांपासून कामाला आहे. कार्यालय उज्ज्वला मॅडम यांचे आहे. माझ्यासोबत धम्मदीप नावाचा सहकारी आहे. तो अ‍ॅप लिहितो. मी ते तपासतो. तपासून बरोबर आहे असे मी लिहून दिल्याशिवाय अ‍ॅप बाहेर जात नाही.

आम्ही एका संस्थेसाठी 'हाक' नावाचे अ‍ॅप केले. गावात कोणी आजारी पडले, की काय झाले ते फोनवर लिहून लाल बटण दाबायचे. फोन आपले ठिकाण जवळच्या गाडीवाल्याला कळवतो. गाडीवाल्याला नकाशावर खूण दिसते व तो तिथे जातो. १ ऑक्टोबरपासून हे अ‍ॅप चाळीस गावांत सुरू आहे.

दि. १४/११/२०२५ रोजी दुपारी हंसाबाई हरिसिंग आडे, वय ५२, यांना कापूस वेचताना साप चावला. त्या त्याच दिवशी मयत झाल्या. त्यांचा मुलगा बादल याने गाडीवाले वाहिद यांच्याविरुद्ध तक्रार दिली आहे. वाहिद बोरीच्या स्टँडवर चहा पीत बसले व जाणूनबुजून उशिरा आले, असे तक्रारीत आहे. लोकांनी वाहिद यांना मारले, गाडीची काच फोडली. त्यांचा उजवा हात मोडला असून ते दवाखान्यात आहेत. ही तक्रार ज्या गोष्टीवर आहे ती गोष्ट तशी घडलेली नाही. ती कशी घडली हे मला माहीत आहे.

मयत हंसाबाई या माझ्या सख्ख्या काकी आहेत. माझी आई मी चार वर्षांचा असताना वारली. त्यानंतर मी काकीकडेच जेवलो. मी तिला याडी म्हणत असे. आमच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात.

अ‍ॅप कसे तपासले हे विचारल्यावरून सांगतो की, मी ते एम्युलेटरवर तपासले. एम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चालणारा खोटा फोन. तो खऱ्या फोनसारखाच दिसतो, त्यावर बटणे दाबता येतात. हवालदार साहेबांनी विचारले, "त्याले सिम लागते का?" मी नाही म्हणालो. "मंग त्याले घरही नसंल." मी सांगितले की घर नसते, आपण सांगू ते त्याचे ठिकाण. काहीच सांगितले नाही तर आमच्याकडचा पहिला एम्युलेटर आपण अमेरिकेत आहोत असे दाखवत असे. साहेब म्हणाले, "अमेरिकेत? आन् तूनं त्याले कुठं आणलं?" त्याचे उत्तर पुढे देतो.

पहिला एम्युलेटर अँड्रॉइड बनवणाऱ्यांचाच होता. तो खऱ्या फोनच्या जास्त जवळचा असतो, पण जड असतो. माझा संगणक जुना आहे. सुरुवातीला पडदा नुसता काळा राहत असे. संगणक चालू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन एक सोय सुरू करावी लागली, खोट्या फोनला दिलेली जागा कमी करावी लागली, तेव्हा तो चालला. तरी एक बटण दाबले की तो अर्धा मिनिट घेई. म्हणून मी दुसरा घेतला. तो मुळात संगणकावर खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी केलेला होता. तो हलका होता. त्यात नकाशावर बोट ठेवले की फोन तिथे आहे असे होई. मात्र संगणक बंद करून परत लावला की तो दिलेले ठिकाण विसरत असे. रोज सकाळी अ‍ॅपला ठिकाण मिळत नसे व तपासणी पहिल्याच पायरीला अडत असे.

त्यावर मी एक तोड काढली. धम्मदीपच्या कामात मी स्वतः एक ओळ घातली. दहा सेकंदांत ठिकाण मिळाले नाही, तर अमुक ठिकाण धरावे, अशी ती ओळ होती. ती फक्त तपासणीपुरती होती. ते ठिकाण म्हणून मी बोरी अरबचे बस स्टँड टाकले. तपासणी संपल्यावर ही ओळ काढायची, असे मी माझ्या वहीत लिहून ठेवले होते. ती वही सोबत आणली असून हजर करतो. त्या नोंदीपुढे बरोबरची खूण नाही.

कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये काच तडकलेला एक स्वस्तातला खरा फोन आहे. धम्मदीप मला तीन वेळा बोलला. "एम्युलेटरची बॅटरी संपत नाही बावा, त्याची रेंज जात नाही. गावात फोन नेऊन पाह्य एकदा." मॅडमही म्हणाल्या, "प्रेम, तू बोरीचाच आहेस ना? सुट्टीत घरी जाशील तेव्हा तिथल्या शेतात उभा राहून बटण दाबून बघ." मी हो म्हणालो. दसऱ्याआधी घरी गेलो. फोन बॅगेतच ठेवला.

याचे कारण विचारल्यावरून सांगतो की, खऱ्या फोनवर तपासले असते तर नकाशावर माझ्या घराची खूण उमटली असती आणि ती मॅडमच्या संगणकावर दिसली असती. माझे घर बोरीत नाही. मी बंजाऱ्यांच्या धावजी नाईक तांड्यावरचा आहे. तांडा बोरीहून सहा किलोमीटर आत आहे.

यवतमाळला कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी सर्वांनी गाव सांगितले. मी तांडा सांगितला. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आता हातभट्टीची सोय झाली. येताना एक बाटली आणजो." सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या वर्षी नवीन मुले आली तेव्हा मी बोरी अरब सांगितले. नोकरीच्या अर्जावरही तेच लिहिले. तांड्यावरून बस धरायला बोरीलाच यावे लागते, म्हणून ते पूर्ण खोटे आहे असे मला वाटत नसे. कार्यालयात कोणी चिडवणारे नव्हते. धम्मदीपने तर कधी जातही विचारली नाही. तरी मी बोरीच सांगत राहिलो.

दि. २९ सप्टेंबर रोजी मी तपासणीचा फॉर्म भरला. त्यात 'खऱ्या फोनवर, गावात तपासले' या रकान्यात 'होय' लिहिले. ठिकाण 'बोरी अरब' लिहिले. खाली सही केली. अ‍ॅप त्या ओळीसकट बाहेर गेले. त्यानंतर दीड महिन्यात अकरा हाका आल्या. त्यातील दोन बोरी स्टँडवरून आल्याचे दिसत होते. त्या बोरीतल्याच कोणाच्या असतील असे मी धरले. विचारपूस केली नाही.

दि. १४ रोजी याडीला दुपारी सुमारे ३.१० वाजता साप चावला. ही वेळ बादलने मला सांगितली. तांड्यावर फोनला रेंज नसते, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, असते. बादलने धुऱ्यावर उभे राहून ३.२५ वाजता बटण दाबले. बॅटरी वाचावी म्हणून त्याच्या फोनमधले ठिकाणाचे सेटिंग बंद होते. तांड्यावर बरेच जण तसेच ठेवतात. एम्युलेटरमध्ये ते सेटिंग कायम सुरूच होते, म्हणून मी ती परिस्थिती पाहिलीच नव्हती. माझी ओळ नसती, तर अ‍ॅपने 'ठिकाण सुरू करा' असे सांगितले असते. ओळ असल्यामुळे अ‍ॅपने दहा सेकंद वाट पाहून बोरीचे स्टँड कळवले. बादलच्या पडद्यावर 'हाक पोहोचली. गाडी निघाली आहे. जागेवरच थांबा' असे आले. हे शब्द मी लिहिलेले आहेत.

त्यांनी याडीला बैलगाडीत घालून तांड्याच्या रस्त्यापर्यंत आणले व ते थांबले. शेजारचा पिंटू मोटारसायकल घेऊन आला होता. याडीला मध्ये बसवून नेऊ म्हणाला. बादल म्हणाला, "राहू दे. गाडी निघाली म्हणून दाखवून राह्यला. हालवाले नको तिले." मोटारसायकलने ते चार वाजेपर्यंत दवाखान्यात पोहोचले असते. हे माझे मत आहे. डॉक्टरांचे नाही.

वाहिद ३.४५ वाजता स्टँडवर पोहोचले. त्यांनी बादलला चार वेळा फोन केला. तांड्यावर रेंज नसल्याने लागला नाही. ते चहाच्या टपरीवर साप चावलेल्या बाईबद्दल विचारायला गेले. टपरीवर ते दिसले ही गोष्ट खरी आहे. चहा घेतला की नाही हे मला माहीत नाही.

त्यानंतर ४.०५ वाजता वाहिद यांनी अ‍ॅपच्या मदत क्रमांकावर फोन केला. तो क्रमांक माझ्याकडे असतो. त्या वेळी मॅडम व संस्थेचे दोन पाहुणे माझ्या टेबलाजवळ उभे होते. अ‍ॅप कसे चालते हे मॅडम त्यांना दाखवत होत्या. फोनवर झालेले बोलणे आठवते तसे सांगतो.

वाहिद म्हणाले, "प्रेमभाऊ, इथं तं कोणीच नाही. निशाण तं स्टँडवरच दाखवून राह्यला."

मी विचारले, "नाव काय आहे?"

"बादल आडे. साप चावला म्हणून लिहिलं हाय."

वाहिद म्हणाले, "तुमी तं बोरीचेच ना भाऊ? ट्रेनिंगमधी सांगतलं होतं तुमी. आडे कुठं राह्यतात इथं?"

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. पाहुण्यांपैकी एकाने विचारले, "सगळं ठीक?" मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. फोनवर मी म्हणालो, "मला माहीत नाही. खूण बरोबर आहे. तिथेच विचारा."

वाहिद म्हणाले, "बरं." त्यांनी फोन ठेवला. हे बोलणे एक मिनिट पन्नास सेकंद झाले. माझ्या फोनमध्ये नोंद आहे. फोन हजर करतो. वाहिद यांचा फोन मारहाणीत फुटला आहे, त्यामुळे त्यांच्याकडे पुरावा नाही.

बादल आडे म्हणजे कोण व तो कुठे राहतो हे मला नाव ऐकताच कळले होते. साप कोणाला चावला हे तोपर्यंत माहीत नव्हते. पाहुणे आणखी पंचवीस मिनिटे होते. मी वाहिद यांना परत फोन केला नाही.

पुढे टपरीवरच्या एका म्हाताऱ्याने वाहिद यांना सांगितले, "आडे म्हणजे तांड्यावरचे. इथं काहून शोधून राह्यला?" ते लगेच निघाले. रस्ता उखडलेला आहे. ४.४० वाजता ते तांड्यावर पोहोचले. त्यांनी स्वतः याडीला उचलून गाडीत ठेवले, हे पिंटूने पाहिले आहे. ५.२० वाजता दवाखान्यात डॉक्टरांनी तिला मयत सांगितले. मारहाण त्यानंतर दवाखान्याच्या आवारात झाली.

दि. १५ रोजी मी अंत्यविधीला होतो. बादल माझ्या गळ्यात पडला. म्हणाला, "प्रेम, तुयं हाक चांगलं हाय रे. दाबल्याबरोबर लागलं. माणूसच हरामी निघाला." हरिसिंग काका बाजूला बसले होते. ते म्हणाले की, याडी बैलगाडीत पडल्या पडल्या विचारत होती, आपल्या प्रेमचंच मशीन आहे ना, मग येते गाडी. मी काकांना पाणी दिले. काल दिवसभर मी यवतमाळला खोलीवर होतो. ती ओळ काल दुपारी काढली. मॅडमना व धम्मदीपला आज सकाळी फोनवर सांगितले. 'हाक' सध्या बंद केले आहे.

या कामात धम्मदीपचा दोष नाही. एम्युलेटरचाही नाही. त्याला जे ठिकाण सांगितले ते त्याने सांगितले.

हा जबाब माझ्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो, हे हवालदार साहेबांनी मला समजावून सांगितले आहे. वाहिद यांच्यावरची तक्रार बादलने मागे घ्यावी, इतके या जबाबाने व्हावे अशी विनंती आहे. माझे वडील भावसिंग बोरीहून सोबत आले असून बाहेर बाकावर बसले आहेत. मी वाहिद यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलो, अशी त्यांची समजूत आहे. येताना बसमध्ये मी ती दुरुस्त केली नाही.

जबाब लिहून झाल्यावर साहेबांनी तो मला सुरुवातीपासून वाचून दाखवायला घेतला. पहिल्याच वाक्यात 'राहणार बोरी अरब' असे आले. नाव-पत्ता विचारला तेव्हा मी सवयीने तेच सांगितले होते. ते शब्द माझ्या सांगण्यावरून चुकीचे धरावेत व त्या जागी खरा पत्ता घ्यावा. साहेबांनी तांड्याचे नाव परत विचारले, नीट ऐकू आले नाही म्हणाले. मी मोठ्याने सांगितले. दार उघडे होते.

राहणार धावजी नाईक तांडा. एवढ्या दुरुस्तीसह जबाब शेवटपर्यंत ऐकला. मी सांगितला तसाच लिहिला आहे.

समक्ष

सही
प्रेम भावसिंग आडे