रावजीवाडीची विहीर आटली तेव्हा

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न आहे, आणि उत्तराची घाई करू नका. तुमची घाई ठाऊक आहे, आरती व्हायच्या आधीच चपला शोधता! प्रश्न असा — डाव मांडून झाला, रंगला, आणि मग कळलं की त्याचा पायाच चुकीवर उभा आहे. तर माणसानं काय करावं? डाव मोडून नवा मांडावा? की चूक पदरात घेऊन तोच डाव पुढं न्यावा?

पुराणात शोधू नका. हे घडलं सिन्नरच्या एका कॉलनीत, टॅबवरच्या खेळात. हसताय? हसा. पण हातातला फोन खाली ठेवून हसा.

तर शेवंताबाई थोरात. बाई पानाड्याची लेक. पानाड्या म्हणजे तळहातावर आडवा नारळ घेऊन रानात हिंडणारा; नारळ उभा राहिला की म्हणणार, "खणा इथं, पाणी आहे." खरं की खोटं, तो वाद घरी घाला. शेवंताबाईला मात्र बाप रावजी म्हणजे देव.

बाईचा पाय मोडला. प्लास्टर. खाटेवरून दिवसभर हुकूम सुटायला लागले, तशी सून कल्याणी वैतागली.

"आई, हे घ्या. 'गावठाण' म्हणून खेळ आहे. विहीर खणायची, घरं बांधायची, माणसं वसवायची. पाणी संपलं की माणसं गाव सोडून जातात."

"मला काय लहान पोर समजलीस?" शेवंताबाई म्हणाली. आणि टॅब घेतला. घेणारच! रिकामा हात कुणाला सोसतो?

आता गंमत बघा. सगळी दुनिया खेळात नदीकाठी विहीर खणते. या बाईनं काय करावं? देव्हाऱ्यातला नारळ मागवला, तळहातावर ठेवला आणि टॅबच्या काचेवरून फिरवला! काचेवरच्या डोंगराच्या माथ्यावर हात आला, आणि नारळ उभा राहिला म्हणे. खणली विहीर. आणि पाणी — कधी संपेचना! उन्हाळा येवो, दुष्काळ येवो, विहीर काठोकाठ.

मग काय विचारता. डोंगरावर गाव वसलं. नाव ठेवलं रावजीवाडी. कुंभार आला, तेली आला, देऊळ झालं. बाईनं घराघराला नावं दिली. हे साळूचं, हे काशीरामाचं. कॉलनीतल्या बायका बघायला येत. शेवंताबाई सांगे, "बापाचा हात आहे हा. विहीर आटायची नाही."

एके दिवशी टॅब उघडला, तर विहीर कोरडी. देवळापाशी गाव सोडून निघालेल्या माणसांची रांग. कल्याणीनं पडद्यावरची सूचना वाचून दाखवली: डोंगरावरच्या विहिरीचं पाणी संपत नसे, ही खेळातली चूक होती. ती आम्ही दुरुस्त केली आहे. जुना डाव चालेल, पण नव्यानं सुरुवात केलेली बरी.

अशी दुरुस्ती आली की पोरं म्हणतात, पॅच आला. शेवंताबाईच्या लेखी आभाळ कोसळलं.

शेजारच्या विजूबाई हजर झाल्याच. "म्हणजे शेवंताबाई, गाव नारळानं नाही, बिघाडानं उभं केलं होतं की."

शेवंताबाईनं उशाचा नारळ सुनेकडे दिला, देव्हाऱ्यात ठेवायला.

विजूबाईंचं गावही डोंगरावरच होतं, शेवंताबाईचं बघून वसवलेलं. त्यांनी तिथंच बसून ते पुसलं. "नदीकाठी नवं मांडते. संध्याकाळपर्यंत उभं राहील. तुम्हीही मांडा."

त्या गेल्यावर कल्याणी जवळ आली. "आई, हे म्हणतात, दुरुस्ती काढून जुना खेळ परत टाकता येतो. विहीर पुन्हा भरेल. कुणाला कळणार पण नाही."

बघा मोह कसा येतो! काळं तोंड घेऊन नाही येत, सुनेच्या प्रेमानं येतो. बापाचं नाव राहील, गाव राहील. बाईचं बोट काचेवर गेलं. थांबलं.

कारण तिला बाप आठवला. रावजीनं दाखवलेली एक विहीर कोरडी लागली होती. लोक म्हणाले, पळ काढेल. पानाड्यांची रीत वेगळी. कोरडी लागली, तर दुसरं पाणी लागेपर्यंत त्या घराला आपल्या विहिरीचं पाणी घालायचं. रावजीनं बैलगाडीवर पिंप चढवलं आणि ज्या घरानं शिव्या घातल्या, त्याच घरी पाणी नेऊन ओतलं. खोट्या विहिरीला खरी म्हणाला नाही. आणि गावही बदललं नाही.

"जुना खेळ नको," शेवंताबाई म्हणाली. "आणि नवा डावही नको."

"मग आई, हे गाव मरेल."

"मरू दे जेवढं मरायचंय तेवढं. साळूला डोंगरावर मी नेली. खाली मीच आणणार."

आणि बाई कामाला लागली. तेलघाणा बंद. देवळाचा कळस उतरवून गाड्या केल्या, नदीचं पाणी वर ओढलं. एकेक घर मोडायचं, उतारावर बांधायचं, पुन्हा मोडायचं, काठावर आणायचं. कुंभार निघून गेला. काशीरामाचं घर गेलं. त्या दिवशी बाई जेवली नाही. प्लास्टर निघालं, तरी गाव वाटेतच! शेवटी नदीकाठी पोचलं, निम्मंच. विद्रूप. वेडंवाकडं.

विजूबाई म्हणाल्या, "माझं बघा कसं रेखीव." खरंच रेखीव होतं. मग खेळात पूर आणणारी दुरुस्ती आली, विजूबाईंनी पुसून नवं मांडलं. बाजाराची दुरुस्ती आली, पुन्हा पुसलं. दर खेपेला पहिल्यापेक्षा सुंदर.

एका दुपारी दोघी शेजारी बसून खेळत होत्या. विजूबाई वाकून शेवंताबाईच्या टॅबमध्ये बघू लागल्या.

"ही पांढऱ्या केसांची कोण हो?"

"साळू. आजी झाली ती."

"माणसं म्हातारीही होतात होय यात?"

"होतात. राहू दिली तर."

मंडळी, आता माझ्याकडे बघा. दुरुस्ती नको म्हणून चुकीलाच कवटाळणारे इथं बसलेत, पहिल्या रांगेत बसलेत. आणि जरा चुकलं की पाटी पुसणारेही बसलेत! सुनेशी पटेना, वेगळं बिऱ्हाड. गुरू बोलला, दुसरा गुरू. उपास मोडला, पुढच्या श्रावणात धरू. सगळं कोरं, सगळं रेखीव! चूक कळली ना? मान्य करा. आणि ज्यांना त्या चुकीपायी डोंगरावर नेलंत, त्यांचा हात धरून खाली उतरवा. आज घरी जाल तेव्हा स्वतःला विचारा — माझ्या गावात कुणाला म्हातारं होऊ दिलंय मी?

टाळ उचला. नाव त्याचं घ्या, जो आपल्याला पुसून नवं मांडत नाही.