वरची सवत

शिंपीण: ...ते नाही हो, त्याच्या खालची ओळ. ही 'पुन्हा एकत्र' म्हणून जी लिहिलीय, ती कोणी सांगितली?

पाथरवट: तुमच्या मुलीनं, काकू. फोनवर. म्हणाल्या, आईचं नाव थडग्याच्या दगडावर आधीपासून आहेच, त्याखाली बाबांचं घ्या, मग ही ओळ. पण अजून पेन्सिलीचंच आहे. छिन्नी लागलेली नाही.

शिंपीण: लागणारही नाही. पुसा.

नर्स: मावशी! तू कधी आलीस? मी ड्यूटी संपवून तडक इकडेच येतेय.

शिंपीण: नावातलं ऱ्हस्व-दीर्घ बघायला आले होते. बरं झालं आले. तुझ्या बाबांना जाऊन दीड महिना होतोय, तेवढ्यात तू त्यांचा तिकडे संसारही थाटून दिलास.

नर्स: असं काय बोलतेस? मनाला धीर म्हणून लिहिलंय ते.

शिंपीण: कोणाच्या मनाला?

नर्स: माझ्या. आणि मला वाटलं, तुझ्याही.

शिंपीण: माझ्या? एकतीस वर्षं ह्यांच्या शर्टांच्या कॉलर मी उलटवल्या. फ्रिज दुरुस्त करून हात फुटायचे, रोज मी तेल चोळायचे. तुझ्या आईनं संसार केला नऊ वर्षं. आणि आता 'पुन्हा एकत्र' ते दोघं! मी काय मधल्या स्टेशनवरचं बाकडं होते? घटकाभर टेकले आणि गाडी आल्यावर उठून गेले?

पाथरवट: मी जरा बाहेर उभा राहतो...

शिंपीण: कशाला? तुमचीच जागा आहे. किती दगडांवर कोरलंत हो हे आजवर?

पाथरवट: पुष्कळ. 'पुन्हा भेटू', 'स्वर्गात भेट होईल'. खरं सांगू, कोण कोणाला भेटणार, हे मी कधी विचारलं नाही.

शिंपीण: मी विचारलं. पाळकसाहेब समाचाराला आले होते. म्हणाले, जीव घाबरा करून घेऊ नका, प्रभूनं वर सगळ्यांसाठी जागा करून ठेवलीय. मी म्हटलं, जागेचं कळलं, पण ह्यांच्या शेजारी कोण? तर म्हणाले, तिथे नवरा-बायको असं काही उरत नाही.

नर्स: मग झालं की!

शिंपीण: काय झालं? जिवाला आणखी घोर. काही उरतच नसेल तर मी एवढी वर्षं केलं ते काय? आणि उरत असेल, तर ती तिथे आधीपासून बसलीय. एकोणतिशीत गेली. ना केस पिकले, ना गुडघे धरले. मी जाणार कवळी लावून. जिवंत सवत असती तर भांडले तरी असते ग. हिच्याशी भांडायची सोय नाही. हिचा फोटोसुद्धा हसतो.

नर्स: मावशी, तू अजून तिच्यावर जळतेस?

शिंपीण: जळते. साठीत जळते. तू शेवटच्या आठवड्यात त्यांच्या उशाशी होतीस. त्यांनी नाव घेतलं की नाही तिचं? मी दारात होते, ऐकलंय मी.

नर्स: घेतलं. मी खोटं नाही बोलणार.

शिंपीण: बघा. बघा हो भाऊ.

नर्स: पण तू दारातूनच फिरलीस. पुढचं ऐकलं नाहीस. बाबा घाबरले होते, मावशी. मरायला नाही, तिला भेटायला. मला म्हणाले, "तुझी आई पहिलं हेच विचारेल, सात वर्षांची पोर टाकून आले होते, तिला कोणी वाढवली? मग मला हिच्याबद्दल सांगावं लागेल. कुठून सुरुवात करू ते सुचत नाही."

शिंपीण: माझ्याबद्दल?

नर्स: तुझ्याबद्दल. तीन दिवस तेच घोकत होते. परीक्षेला बसल्यासारखे.

शिंपीण: मग? कुठून करायची ठरली सुरुवात?

नर्स: त्या निळ्या झग्यापासून. आईचा झगा तू कापून माझ्या मापाचा केलास ना, तिथून. म्हणाले, "घरात येऊन आठ दिवस झाले नव्हते, आणि हिनं तिचा झगा तुझ्या अंगाला बसवून दिला. हे ऐकलं की तुझ्या आईचा जीव निवेल."

(शेजारच्या शेडमधलं कापायचं यंत्र बंद पडतं.)

शिंपीण: नको होतं तेच नेमकं सांगायला.

नर्स: का?

शिंपीण: कारण ते खोटं आहे. मी तो मापाचा करायला घेतलाच नव्हता. ह्यांनी तो कपाटात माझ्या साड्यांच्या वर टांगून ठेवला होता. रोज कपाट उघडलं की तोच समोर. त्या दुपारी मी कात्री घेतली आणि फाडायला बसले. चिंध्या करणार होते. तेवढ्यात तू आलीस शाळेतून. "काय करतेस?" म्हणालीस. तोंडाला आलं ते बोलले, तुझ्या मापाचा करते.

नर्स: हं.

शिंपीण: आता हे तिकडे जाऊन तिला कौतुकानं सांगत असतील. आणि तिनं तर वरून सगळं पाहिलेलं असणार. कोणत्या तोंडानं जाऊ मी तिच्यासमोर? सगळ्यांना स्वर्गाचा आधार वाटतो, मला धाकधूक होते ती उगीच नाही.

नर्स: मला माहीत होतं.

शिंपीण: काय माहीत होतं?

नर्स: तू फाडत होतीस ते. मी हाक मारायच्या आधी थोडा वेळ दारातच उभी होते. तू गळ्यापासून सरळ खाली कात्री चालवलीस. मापाचा करणारं माणूस समोरून उभं कापत नाही, एवढं नऊ वर्षांच्या पोरीलाही कळतं.

शिंपीण: आणि एकतीस वर्षं गप्प बसलीस?

नर्स: सुरुवातीला ठरवलं होतं, बाबांना सांगून तुला घराबाहेर काढायचं. पण मग तू तीन दिवस त्या चिरेशी झटत बसलीस. गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला ठेवलेस. चीर लपेना, तेव्हा तिथे बटणांची पट्टी केलीस. सात बटणं. एकही सारखं नव्हतं.

शिंपीण: सारखी सात नव्हतीच घरात.

नर्स: मी तो काखेत उसवेपर्यंत घातला. आई वरून बघत असेल तर तिनं कात्री पाहिली, मावशी, आणि बटणंही पाहिली.

शिंपीण: बटणं मोजलीस होय ग तू!

नर्स: आणि तुला एक सांगू? मला तिचा आवाजही आठवत नाही. लहानपणी सगळे सांगायचे, रडू नको, आई स्वर्गात भेटणार आहे. त्यावर मी जगले. आता मात्र भीती वाटते. मी तिथे जाईन, तुम्ही दोघी उभ्या असाल, आणि मी तिच्याआधी तुझ्याकडे पळेन. तिला काय वाटेल?

शिंपीण: वेडी का काय तू! आधी तिच्याकडे जायचं. मी ढकलेन तुला तिच्याकडे.

नर्स: ढकलशील?

शिंपीण: ढकलेन. जरा जळेन, पण ढकलेन. डोळे पूस. अंगावर हॉस्पिटलचा गणवेश आहे, लोक म्हणतील रोगी गेला.

पाथरवट: काकू, मग ही ओळ पुसू का?

शिंपीण: राहू द्या.

नर्स: नक्की, मावशी? माझ्यासाठी म्हणून नको हं.

शिंपीण: कोरा म्हटलं ना. आणि अक्षर नीट ठसठशीत काढा, तिच्या नावाला शोभेल असं.

पाथरवट: बरं. राग मानू नका, पण विचारावं लागतं... खाली तुमच्या नावाला जागा सोडू?

शिंपीण: सोडा. पण मला घाई नाही. आधी त्यांचं बोलणं होऊ दे.