झेडच्या मागची ओसे

नाही, ओळ होती. तेच तर मघापासून सांगतेय — ओळ होती, जागेवर होती, अगदी नीटनेटकी. बसा ना, एस्किल्ड. फेरीबोट अजून पलीकडच्या धक्क्यालाच आहे, आणि या बाकाला वारा तरी कमी लागतो. मला काय वाटलं होतं सांगू? वाटलं होतं, ओसेचं नाव यंत्रात चढलंच नसेल. कुणीतरी टाकायचं विसरलं असेल, नाहीतर दोनदा टाकलं असेल, नाहीतर जन्मतारीख उलटसुलट झाली असेल — माणसं चुकतात तशी चूक. काल दुपारी पालिकेत जाऊन यंत्रासमोर बसले ना, तेव्हा ज्यानं कुणी चूक केली असेल त्याला मी मनातल्या मनात माफसुद्धा करून टाकलं होतं. आणि निघालं काय? ओळ आहे. नाव आहे, पत्ता आहे, जन्मक्रमांक आहे, आणि तिनं रोज सकाळी बटण दाबल्याची नोंद आहे — पडली त्या सकाळपर्यंत एक दिवस खाडा नाही, नाताळच्या दिवशीसुद्धा नाही. तुमचं यंत्र तिला चांगलं ओळखत होतं. फक्त तिच्यापर्यंत जात नव्हतं.

तुमच्या कंपनीनं अहवालात तिला 'वापरकर्ती' म्हटलंय, म्हणून सांगते ती कोण ते. ओसे म्हणजे या बेटावरच्या बेकरीच्या काउंटरमागे जन्म काढलेली बाई. मला शाळेत असताना दालचिनीचा पाव उधार द्यायची नाही, पण कालचा उरलेला फुकट द्यायची — दोन्ही तितक्याच करड्या चेहऱ्यानं. नवरा गेला, मुलं झालीच नाहीत, घर समुद्राच्या तोंडावर. आणि तुमचं यंत्र येण्याआधी इथे फोनची साखळी होती — हो, तीच, तुमच्या माहितीपत्रकात जिला 'कालबाह्य पद्धत' म्हटलंय ती. सकाळी आग्नेसनं बेंटाला फोन करायचा, बेंटानं डॅग्नीला, असं करत करत शेवटी ओसेला, आणि ओसेनं परत आग्नेसला. कुणाचा फोन उचलला गेला नाही की दुसऱ्यानं उठून जायचं, दार ठोठावायचं. शेवटच्यानं पहिल्याला फोन केला की सगळे जिवंत. मग कॉफी. एवढंच. आणि आम्ही — पालिकेनं, म्हणजे — ते बंद केलं आणि प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एक पांढरी डबी ठोकली. उठलात की बटण दाबा. नाही दाबलंत तर गाडी येईल. न दाबणं हीच हाक. कल्पना चांगली होती, मी आजही म्हणेन चांगली होती. मला तर फार आवडली होती.

आता बघा, तुमच्याच यंत्राची गोष्ट मी तुम्हाला सांगतेय, पण ऐका, कारण ते बनवणारे तुमच्याकडे आता कुणी राहिलेले दिसत नाहीत. ओसे बटण दाबते, तेव्हा यंत्र काय करतं? जन्मक्रमांक घेतं आणि थेट तिच्या ओळीवर जाऊन उभं राहतं — घर माहीत असलेला पाहुणा कसा गल्लीत कुणाला न विचारता दारात येतो, तसं. हे बरोबर चाललं होतं. पण उशिरा सकाळी तपासणी सुरू होते, ती क्रमांकावरून नाही, नावावरून — पहिल्या नावावरून, कारण अर्ध्या बेटाचं आडनाव एकच. नावं मुळाक्षरांच्या क्रमानं लावलेली, यंत्र पहिल्या नावावर बोट ठेवतं आणि एकेक ओळ खाली सरकतं. हिनं दाबलं? पुढे. ह्यानं दाबलं? पुढे. नाही दाबलं? गाडी पाठव. आणि त्या बोटाला तुमच्या माणसानं सांगून ठेवलंय की ए पासून सुरू कर आणि झेडवर थांब. कशासाठी? वरती आकड्यांनी सुरू होणाऱ्या चाचणीच्या खोट्या ओळी होत्या, त्या गाळायला. खोट्या ओळी गाळायला, एस्किल्ड.

झेडवर थांब. या देशात. जिथे पहिलीतलं पोर गाणं म्हणतं तेव्हासुद्धा झेड आला की श्वास घेतं, कारण अजून तीन अक्षरं बाकी असतात. आपण 'ए पासून झेड' असं कधी म्हणतो का? आजीच्या तोंडून ऐकलंत कधी? आपण म्हणतो 'ए पासून ओ पर्यंत' — लिहायला ए, डोक्यावर गोल टिंब, म्हणायला ओ, सगळ्यात शेवटचा. आणि जुनी माणसं तोच ओ दोन ए जोडून लिहितात. ओसे तसंच लिहिते. दोन ए, म्हणजे परक्या माणसाला वाटेल ही पहिली. पण यंत्राला आपली भाषा शिकवलेली आहे, ते काम कुणीतरी मन लावून केलंय — त्यानं तिला बरोबर नेऊन शेवटी बसवलं, झेडच्या मागे. आणि मग दुसऱ्या कुणीतरी येऊन झेडवर दार लावलं. हे फक्त आपल्याच माणसांना जमतं. परक्यानं निदान विचारलं असतं. तुमच्याकडे सगळ्या बैठका इंग्रजीत होतात म्हणे, दुपारी राईचा पाव खातानासुद्धा — आणि कचेरी कुठे, तर ऑर्हूसमध्ये. तुमच्या शहराचं नावच दोन ए नी सुरू होतं. तुमच्या यंत्राला तुमचं गावसुद्धा सापडलं नसतं. हसताय? हसा, मीही काल हसले. मग रडले. ते सोडा.

मला कसं दिसलं म्हणताय? आडनाव वाचा ना माझं, अहवालावर सहीच्या जागेखाली छापलंय तुम्ही. थायरा ऑबी. दोन ए. इथे शाळेत हजेरीला कायम शेवटची, आणि मेलबर्नला शिकायला गेले तर पहिली. वर्गात सर नाव घ्यायचे आणि मी झोपेतून उठल्यासारखी ओ द्यायची — सवयच नव्हती ना पहिलं असण्याची. त्यामुळे मला ठाऊक आहे, कुठून बघितलं तर मी यादीत कुठे असते ते. तिकडे पहिली असून काही उपयोग झाला नाही म्हणा. दुसऱ्या वर्षी तापानं पडले, खोलीत, सुट्टीचे दिवस होते, शेजारचे सगळे गावी गेलेले — किती दिवस ते आठवतही नाही, नळाचं पाणी आणि बिस्किटं. बरी होऊन वर्गात गेले तर कुणी विचारलंसुद्धा नाही. कुणाच्याच मोजणीत नव्हते मी. तेव्हाच ठरवलं, परत जायचं, जिथे माणूस जन्मला की त्याला क्रमांक मिळतो आणि मरेपर्यंत कुणीतरी त्याची दखल घेतं, तिथेच जायचं आणि तेच काम करायचं — हे मी तुम्हाला का सांगतेय? याचा काही संबंध नाही. अहवालावर बोलू.

त्या सोमवारी ओसे सकाळी चुलीपाशी घसरली. मनगट आणि मांडीचं हाड. डबी भिंतीवर, ती खाली. बेटावरच्या गाडीचा चालक त्या दिवशी कचेरीतच बसून होता, मी स्वतः त्याच्यासोबत कॉफी घेतली. त्याला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी आग्नेसचा वाढदिवस, नव्वदावा, आणि अख्ख्या गल्लीत दारोदारच्या काठ्यांवर तिच्यासाठी झेंडे चढले, फक्त ओसेच्या काठीला नाही. आग्नेस चाकांचा वॉकर ढकलत निघाली, भांडायला. मला म्हणाली, मी तर तिला एवढंच सुनवायला गेले होते की आज विसरलीस ते ठीक, पण मी मेल्यावर झेंडा अर्ध्यावर उतरवायला विसरू नकोस. आणि खिडकीतून बघितलं तर जमिनीवर ओसे, अंगावर सतरंजी ओढून घेतलेली. रात्र काढली तिनं तशी.

मी इस्पितळात गेले होते तिच्याकडे. ओरडली का नाहीस, विचारलं. खिडकी रस्त्यावरच आहे, कुणीतरी ऐकलं असतं. तर माझ्याकडे असं बघितलं तिनं, काउंटरमागून बघायची तसं. म्हणाली, "ओरडायचं कशाला? मी बटण दाबलं नव्हतं ना. म्हणजे कुणीतरी येणारच होतं."

कळतंय का तुम्हाला? ती विसरली नव्हती. ती वाट बघत होती. तुम्ही जे सांगितलं होतंत ते तिनं शब्दशः पाळलं. आणि तुमच्या अहवालात काय? 'वापरकर्तीने त्या दिवशी बटण दाबले नाही. यंत्रणा सुरळीत होती.' त्याखाली शिफारस — एकटीनं राहण्यास असमर्थ, कायमची व्यवस्था पलीकडच्या वृद्धाश्रमात. पहिलं वाक्य खरं आहे हो. तीच तर त्याची लबाडी. येत्या सोमवारी पालिकेची बैठक हे वाचेल, माना डोलावेल, आणि ओसेचं घर बंद होईल. त्यांना फक्त माझी सही हवी, की यंत्र मी तपासलं.

तपासलं मी. झेड काढून शेवटचा ओ घातला, कालच, फोन करायच्या आधी — परवानगी नव्हती मला, हो, लिहून घ्या. झेडच्या मागे ओसे धरून तीन माणसं अडकली होती. ऑइविनची बायको घरात असते, ओगेची लेक रोज येते, पण म्हणून काय झालं? आणि मग तुम्हाला फोन केला, तर तुम्ही किती गोड बोललात. छान पकडलंस म्हणालात. एक अक्षर तर होतं, झालं दुरुस्त, आता ते अहवालात कशाला. आणि अशा नजरेची माणसं ऑर्हूसला लागतात म्हणालात. मी 'बघते' म्हणाले. खोटं कशाला, क्षणभर खरंच बघितलं मी. शहरातली खोली, सायकलचा रस्ता, माझ्यासारखी माणसं.

मग आज सकाळी फोन वाजला. आग्नेस. बायकांनी साखळी पुन्हा सुरू केलीय, कुणाला न विचारता. म्हणाली, ओसे नाही तर मला फोन कोण करणार? शेवटची जागा रिकामी आहे. मी म्हटलं, आग्नेस, मी कचेरीत आहे, कामात. तर म्हणते, "तुझंही नाव दोन एचंच ना? मग तूच शेवटची. ओसे येईस्तोवर तू कर मला फोन." येईस्तोवर, म्हणाली. आली तर, असं नाही.

आली बघा फेरी. हा घ्या तुमचा अहवाल, सहीची जागा कोरीच आहे. सोमवारी बैठकीला मी दोन कागद घेऊन जाणार आहे — एकावर ओसेची ओळ, तिनं दाबलेल्या प्रत्येक सकाळीसकट, आणि दुसऱ्यावर तुमचा झेड. मोठ्यानं वाचणार आहे. नोकरी जाईल तर जाऊ दे. तुमच्या माणसांना यायचं असेल तर या, पाठीमागे खुर्च्या असतात. नाही, यावर आता बोलायचं नाही, आज सकाळीच ठरलंय ते — आग्नेसला 'हो' म्हटलं तेव्हाच. चला, उठा, फळी उचलतील. आणि टोपी धरा, वारा आहे.