पन्नासपैकी शून्य

या मंडळी, कीर्तन सुरू होतंय, पुढं सरका. खांबाला टेकलेल्यांनी तर सरकाच — तुम्ही उठलात म्हणून मंडप पडणार नाही, त्याची हमी मी घेतो! सरकलात? तर आज पहिला प्रश्न मीच विचारतो. एखाद्याला एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. तरी तो चार माणसांत हात जोडून म्हणतो, "बाबा, मला काही कळत नाही." याला काय म्हणायचं? नम्रता, की लबाडी?

पहिल्या रांगेतून आलं — नम्रता! वा! तुम्ही सोसायटीचे चेअरमन ना? वाटलंच!

उत्तराची घाई नको. आधी ऐका.

हिरडेवाडी नावाचं डोंगरातलं गाव. तिथं एक शेतीशाळा, आणि तिथले शिक्षक रंगनाथ वाकचौरे सर. फळ्यावर पोहणं शिकवता येत नाही, तशी शेतीही शिकवता येत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून शाळेमागचा अर्धा एकर हाच त्यांचा वर्ग. सहा वर्षं तिथं युरियाचा दाणा पडलेला नाही. मूठभर माती उचला — गांडूळ म्हणणार, "जरा हळू, आम्ही राहतो इथं!" सगळं छान. फक्त पाणी नाही. पाणी खाली ओढ्याला. चौदा मुली रोज सकाळी हंडे घेऊन तो चढ चढणार, तेव्हा वाफ्यात ओल दिसणार. ओढ्यावर एक मोटर बसावी, मुलींच्या डोक्यावरचा हंडा उतरावा — सरांचं देवाकडं एवढंच मागणं.

आणि मंडळी, देव पावला! म्हणजे अनुदान आलं. सातासमुद्रापलीकडच्या एका संस्थेनं ठरवलं की शेती शिकवणाऱ्यांना आधी शाश्वत शेती शिकवायची. पाच दिवसांचं प्रशिक्षण. जो शिक्षक प्रमाणपत्र मिळवील, त्याच्या शाळेला मोटर आणि पाइप. सर पहाटेच्या एसटीनं निघाले!

प्रशिक्षण कुठं? शेतात? छे हो! तालुक्याच्या मंगल कार्यालयात. आदल्या दिवशीचं लग्न उरकलेलं, नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या स्टेजवर तशाच. त्यात प्रमुख पाहुणे बसले. माती वाचवा, असं म्हणाले आणि प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घालून निघून गेले.

मग पूर्वचाचणी. म्हणजे शिकवण्याआधीची परीक्षा — तुम्हाला काय येत नाही ते बघण्यासाठी. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर उत्तरावर खूण करायची. चाळीस शिक्षक बसले. त्यातले एकोणचाळीस मुरलेले, कुणाचं हे चौथं प्रशिक्षण, कुणाचं सातवं. पेपर हातात येताच त्यांनी आपापलं ज्ञान बाजूला काढून ठेवलं — देवळाबाहेर चपला काढतो ना आपण, तसं! जाताना घालून जायचं. कुणाला अकरा गुण, कुणाला चौदा.

आणि आमचे सर? शेहेचाळीस!

प्रकल्पाचे समन्वयक होते सरनोबत साहेब. ते घाम पुसत आले.

"वाकचौरे सर, जरा बाजूला येता?"

मंडळी, 'जरा बाजूला' म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

"शेहेचाळीस पडले तुम्हाला!"

"चार गेले हो साहेब. प्रकल्पाच्या बोधचिन्हात पानं किती, असलं काहीबाही होतं."

"अहो, गेलेल्यांचं राहू द्या, आलेल्यांचं काय करू? प्रमाणपत्राला वीस गुणांची ज्ञानवृद्धी लागते. शेहेचाळीस अधिक वीस किती?"

"सहासष्ट."

"पन्नासपैकी सहासष्ट!"

एवढे गुण, मंडळी, आमच्या कॉलेजात फक्त संस्थाचालकांच्या जावयाला पडायचे!

सर म्हणाले, "मग असं करा, मला येतंय असं लिहा आणि मोटर देऊन टाका. पाच दिवसांचं माझं जेवणही वाचेल."

"येतंय, असा रकानाच नाही फॉर्ममध्ये. पुन्हा लिहा पेपर. जरा कमी पडू द्या."

"म्हणजे खोटं लिहू?"

"खोटं कुठं? नम्रता हो, नम्रता! एवढे मोठे संत, तेसुद्धा म्हणायचे, मी अजाण. तुम्ही काय संतांच्या वरचे?"

बघा, संतांना कुठं कामाला लावलं!

सरांच्या डोळ्यांपुढं चौदा हंडे उभे राहिले. कोरा पेपर घेतला. गांडूळ शेतकऱ्याचा कोण? शत्रू! उतारावर नांगरायचं कसं? वरून खाली, म्हणजे माती लवकर ओढ्याला लागेल! पालापाचोळ्याचं काय करावं? जाळावा! अशा पन्नासही खुणा केल्या.

सरनोबतांनी तपासला आणि कपाळावर हात मारला. "शून्य?"

"तुम्हीच म्हणालात, कमी पडू द्या."

"अहो, ज्याला येत नाही त्याला शून्य पडत नाही! डोळे मिटून खुणा केल्या तरी बारा-तेरा बरोबर येतात. पन्नासच्या पन्नास चुकवायला पन्नास उत्तरं पाठ लागतात! वर कॉम्प्युटर बसलाय. तो विचारील, हा विद्वान कोण?"

पेटीवाले, हसू नका, सूर जातोय!

"तिसरा पेपर घ्या. बारा बरोबर, अडतीस चूक. झालं काम."

सर पुन्हा बसले. आणि इथं, मंडळी, गाडी अडली. सगळंच खोटं लिहायचं होतं, तेव्हा डोकं खाली घालून लिहिलं. आता निवडायचं होतं. बारा खरी उत्तरं कुठली ठेवायची? पालापाचोळ्याचा प्रश्न आला. शाळेत रोशनी मेंगाळ नावाची ठाकराची पोर. गेल्या उन्हाळ्यात ती म्हणाली होती, "सर, पाला जाळू नका. जमिनीचं पांघरूण हाय ते." हे ठेवायचं, की बांधाच्या गवताचं? ते तर दुसऱ्या मुलीनं शोधलेलं. सरांना प्रत्येक प्रश्नात एकेका मुलीचं तोंड दिसायला लागलं. कुणाला पुसायचं?

सर उठले. "साहेब, पहिलाच पेपर लावा."

"मोटर जाईल, सर."

"जाईल."

"मुलींना काय सांगाल?"

"जे झालं ते."

पाच दिवस सर शेवटपर्यंत बसले. शेवटच्या परीक्षेत पन्नासपैकी पन्नास! बोधचिन्हातली पानंही मोजून आले होते. ज्ञानवृद्धी चार गुण. शेरा काय मिळाला? "सदर शिक्षकास प्रशिक्षणाचा अपेक्षित लाभ झालेला नाही." बाकीच्या एकोणचाळिसांना झाला. एका शाळेला तर जमीनच नव्हती. तिची मोटर प्राचार्यांच्या बंगल्याच्या टाकीवर बसली. तीसुद्धा शाश्वत — अजून चालू आहे!

सर गावी परतले. ओढ्यापाशीच रोशनी भेटली, आपला आणि एका आजारी मैत्रिणीचा असे दोन हंडे भरत होती.

"सर, मोटर?"

"नाही मिळाली."

"नापास झाला?"

सरांनी सगळं सांगितलं. तिसरा पेपर सांगितला, दुसराही सांगितला. लपवलं काही नाही.

रोशनी म्हणाली, "म्हंजे गांडूळ शत्रू, असं लिवलंत तुम्ही?"

"लिहिलं."

"सोताच्या हातानं?"

"हो."

पोरीनं दुसरा हंडाही भरून घेतला. मग तिनं भरलेला एक हंडा उचलला आणि सरांच्या हातात दिला.

"धरा. चढ हाय."

त्या दिवसापासून, मंडळी, त्या चढावर रोज पंधरा हंडे जातात.

आता बोला चेअरमन — नम्रता की लबाडी? ओळखायची खूण सांगतो. 'मला कळत नाही' म्हटल्यावर ज्याच्या हातून काही सुटतं, तो नम्र. आणि ज्याच्या हातात काही पडतं, तो दुसरा!

आणि तुम्ही हो? अकरा वर्षं मी या मंडपात उभा आहे. दरवर्षी तुम्ही येऊन म्हणता, "महाराज, आज डोळे उघडले!" गेल्या वर्षी उघडले होते, ते मिटले कधी? भावाचा बांध कोरू नये, हे ठाऊक नव्हतं? नदीत औषधाचा पंप धुऊ नये, हे ठाऊक नव्हतं? बांध कोरताना बरोबर मोजणीवाला रजेवर असतानाच कोरता! इतकं नेमकं चुकायला सगळं ठाऊक असावं लागतं, मंडळी. पन्नासपैकी शून्य! विद्वान आहात!

उठा, आरतीला उभे राहा. एवढं करा — आज देवापुढं हात जोडून 'मी अजाण लेकरू' म्हणू नका. आपला पहिला पेपर त्याच्याकडं आहे!