दाजींचा मुहूर्त आणि मुक्ताचं संस्कृत

कोणता विषय घेतला की कोणती नोकरी लागते, हे मला विचारू नका. मी तत्त्वज्ञानात एम.ए. करून जन्मभर पाटबंधारे खात्यात आवक-जावक सांभाळली. विचारायचं तर आमच्या दाजींना, माझ्या बहिणीच्या नवऱ्याला विचारा.

माझ्या लेकीनं, मुक्तानं संस्कृत घेतलं, तेव्हा दाजी औशाहून खास बोलायला आले होते. "पोरगी काय सत्यनारायण सांगत फिरणार हाय का?" पुढं ती रेल्वेत लागली, तेव्हा मात्र आले नाहीत.

परवा त्यांच्या मुलाच्या साखरपुड्याला आम्ही सगळे लातूरहून रेल्वेनं नांदेडला निघालो. मधल्या एका लहान स्टेशनात गाडी थांबली, ती हलेचना. तिथं ड्यूटी कुणाची, हे मला ठाऊक होतं. दाजी तणतणत स्टेशन मास्तरच्या खोलीत शिरले. खुर्चीत मुक्ता.

"अगं, तू हायस होय? मग सोड की गाडी! संस्कृत शिकलीस, मुहूर्ताचं महत्त्व तुला म्या सांगावं?"

मुक्तानं कानाला लावलेला फोन काढला नाही. "आतोबा, रूळ एकच आहे आणि समोरून मालगाडी येतेय. आधी तिचा मुहूर्त, मग तुमचा. डब्यात बसा."

दाजी बसले. कुणाचं ऐकून बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. गाडी सुटली, तशी फलाटावर झेंडी धरून उभी असलेली मुक्ता त्यांनी अख्ख्या डब्याला दाखवली. "मास्तरीण आमच्या घरची हाय!" मला सांगायला काही उरलंच नाही.

मुहूर्त गाठला. आता दाजी लेकीकडच्या नातीला संस्कृत घ्यायला लावतायत. म्हणतात, "रेल्वेत लई चालतंय."